टोपलीतले पहिले वाक्य

मित्रांनो, मी एक जुनी केराची टोपली आहे, आणि हे मी काठ ताठ ठेवून सांगते आहे. माझ्या कुळातल्या बाकीच्या टोपल्या स्वतःची ओळख करून देताना जरा आक्रसतात. त्यांचेही बरोबर आहे. कोणाचा अर्ज नाकारला गेला की तुम्ही म्हणता, त्याला केराची टोपली दाखवली. अर्जाचे दुःख सगळ्यांना दिसते. टोपलीला काय वाटले, हे आजवर कोणी विचारलेले नाही. म्हणून म्हटले, आपणच सांगावे.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. वेताचे काम करणारा तो म्हातारा दातांत दोरा धरून काम करी, त्यामुळे दिवसभर गप्प असे. त्याने वेत दोन दिवस पाण्यात भिजत घातले, मऊ झाल्यावर चिरले, तळाला आडवेउभे मांडले आणि मग गोल गोल विणत वर आणले. तळ घट्ट, अंग किंचित सैल, काठाला दुहेरी पीळ. विणून झाल्यावर त्याने मला उपडे घातले आणि सरळ माझ्यावर उभा राहिला. प्रत्येक टोपलीची परीक्षा तो अशीच घेई. मी कुरकुरले, पण मोडले नाही. तो खाली उतरला, दातांतला दोरा काढला आणि म्हणाला, "ही पुरेल." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

मला विकत घेतले ते शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी. घरात येणारेजाणारे सगळे त्यांना वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणते. त्यांच्या मशीनखाली मी पाच वर्षे काढली. कापडाचे तुकडे, दोऱ्यांचे गुंते, एखादी मोडकी सुई, असा माझा खुराक होता. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींचा कातर चालवताना हात अडखळे. कापड वाया जाईल, ही भीती. वहिनी त्यांना सांगत, "वाया जातं म्हणून कापलं नाहीस, तर अंगरखा होणार नाही, पोतं होईल. घाल मग तेच." मुली हसत, कातर चाले आणि तुकडे माझ्यात पडत. कापणे म्हणजे नासणे नव्हे, हा माझा पहिला धडा होता, आणि तो मी चिंध्यांकडून शिकले.

वहिनींचे यजमान, म्हणजे दादा, एका कचेरीत कारकून होते आणि उरलेल्या वेळात लिहीत. एका वर्तमानपत्राने त्यांना दर रविवारी एक सदर लिहायला सांगितले. जगावे कसे, मन शांत ठेवावे कसे, राग गिळावा की बोलून टाकावा, असे विषय. त्या दिवशी वहिनींनी मला मशीनखालून उचलले आणि त्याच खोलीत, खिडकीजवळच्या दादांच्या टेबलाखाली नेऊन ठेवले. "माझ्यापेक्षा तुम्हालाच ही जास्त लागेल," असे त्या म्हणाल्या. दादांना ते लागले थोडे, पण पहिल्याच आठवड्यात मी तीनदा भरले.

मित्रांनो, लेखन कसे करावे हे लेखकाला विचारू नका, टोपलीला विचारा. छापलेले तर सगळेच वाचतात. न छापलेले फक्त मी वाचले आहे. लेखाचा पहिला परिच्छेद बहुधा माझ्याकडे येतो, कारण तो घसा खाकरण्यात गेलेला असतो. खरा लेख दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू होतो. विशेषणे माझ्याकडे जोडीने येतात. आणि कागद कसा चुरगळला आहे, यावरून मला लेखकाचे मन कळते. रागाने चुरगळलेला कागद लिंबाएवढा होतो. शंका असेल तर चुरगळा सैल पडतो, कारण तो परत काढून बघायचा असतो. दादांचे निम्मे कागद असे परत काढलेले असत.

शनिवारी वहिनी मला रिकामी करीत. पण त्या कागद फेकत नसत. बाही, गळा, कॉलर बेतायला शिवणाऱ्या माणसाला कागद लागतोच. वहिनी दादांचे टाकलेले कागद इस्त्रीने सपाट करीत, लागले तर दोन कागद खळीने जोडीत, आणि त्यातून नमुने कापीत. मशीनच्या वर, भिंतीवरच्या खिळ्याला ते नमुने टांगलेले असत, लिहिलेली बाजू भिंतीकडे करून. दादा रोज त्या भिंतीकडे बघून विचार करीत. आपलेच शब्द तिथे टांगले आहेत, हे त्यांच्या कधी ध्यानात आले नाही. काखेत कळसा म्हणतात तो असा.

आता जे सांगायचे आहे, ते सांगायला मला जड जाते. पण ते सांगितले नाही तर पुढचा आनंद तुम्हाला कळणार नाही.

दादांना एक धाकटा भाऊ होता. तो त्याच वर्तमानपत्राच्या छापखान्यात मुद्रितशोधक होता. मुद्रितशोधक म्हणजे छापण्याआधी प्रत्येक ओळ तपासणारा, चुका शोधून समासात पेन्सिलीने खुणा करणारा माणूस. नजर इतकी बारीक, की छापखान्यात सगळे त्यांना 'भिंग' म्हणत. मी मात्र त्यांना धाकटेच म्हणेन, कारण दादा तसे म्हणत. दोघांचे वडील पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. दोघा मुलांना अक्षराची ओढ त्यांच्याकडूनच आलेली. म्हातारपणी वडील धाकट्यांच्या घरी असत, दोन रस्ते पलीकडे.

एका दुपारी शेजारचा माणूस धावत आला. वडिलांचे काही खरे नाही, धाकट्यांनी ताबडतोब बोलावले आहे, असा निरोप होता. वहिनी कापड पोचवायला बाहेर गेल्या होत्या. दादा लेखाच्या शेवटाशी आले होते. निरोप्याला ते म्हणाले, "हा आलोच. एवढं शेवटचं वाक्य होऊ दे." वाक्य काही केल्या होईना. त्यांनी ते चार वेळा लिहिले. पाचव्यांदा जमले, तेव्हा ते उठले आणि चपला पायात सरकवून पळाले. ते पोचले तेव्हा उशीर झाला होता. वडील तासाभरापूर्वीच गेले होते. आणि ते पाचवे वाक्य, मित्रांनो, दादांनी दुसऱ्या दिवशी खोडून टाकले. त्या ओळीचा कपटा माझ्याकडेच आला आणि तळाच्या विणीत कायमचा अडकून राहिला.

त्यानंतरच्या रविवारी दादांनी वडिलांवर लेख लिहिला. फार सुंदर लेख. त्यात असे होते, की मी बाबांच्या उशाशी बसलो होतो, त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, लिहीत राहा. लेख तपासायला धाकट्यांकडे गेला. तपासून परत आलेल्या कागदावर त्या वाक्यासमोर समासात पेन्सिलीने चार शब्द होते : हे खरं आहे का? दादांनी शाईचे पेन उघडले. मग त्यांनी खाली शाईने लिहिले, 'तसेच ठेवा'. छापखान्यात या दोन शब्दांचा मान मोठा असतो. एकदा लेखकाने तसे लिहिले, की मुद्रितशोधकाने हात लावायचा नाही. धाकट्यांनी हात लावला नाही. लेख छापून आला, लोकांनी तो कापून घरात लावला, आणि त्या दिवसापासून धाकटे या घराचा जिना चढले नाहीत.

अकरा वर्षे गेली. सदर वाढले, दादांचे नाव झाले. नोकरी सुटली, लोक सल्ला विचारायला घरी येऊ लागले. एका बाईंनी पत्रात विचारले, सख्ख्या बहिणीशी अबोला आहे, काय करू? दादांनी उत्तर लिहिले, की पहिले पाऊल आपण टाकावे, त्यात कमीपणा नसतो. मी टेबलाखालून बघत होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तो मजकूर तपासून परत आला, तेव्हा समासात काहीतरी लिहून खोडरबराने पुसलेले दिसत होते. काय होते ते मलाही वाचता आले नाही.

दोघांचे बोलणे मात्र अगदीच थांबले नव्हते. समासात धाकटे विचारीत, इथे स्वल्पविराम हवा का? दादा लिहीत, असू दे. धाकटे विचारीत, हा शब्द दोनदा आला आहे. दादा लिहीत, दुसरा काढा. दर आठवड्याला हे कागद छापखान्याचे शिपाईमामा सायकलवरून आणीत आणि नेत. अकरा वर्षे दोन सख्खे भाऊ स्वल्पविरामावर जगत होते.

मधल्या काळात माझीही उपेक्षा झाली. एका वाचकाने दादांना चकचकीत स्टीलचा डबा भेट दिला. पायाने दाबले की झाकण उघडे. मला जिन्याच्या वळणावर छत्र्या ठेवायला पाठवले. तिथे मी एक पावसाळा आणि एक हिवाळा काढला, काठाचा एक पीळ उसवला, आणि कोणाच्याही लक्षात आले नाही. पण त्या डब्याचे झाकण प्रत्येक कागदाला खाडकन वाजे, आणि दादांना वाटे, कोणीतरी मत दिले. त्यांचे लिहिणे अडू लागले. शेवटी वहिनींनी डब्यात पीठ भरले आणि मला परत आणले. उसवलेला पीळ त्यांनी जाड दोऱ्याने शिवून टाकला. तो टाका अजून माझ्या काठावर आहे आणि तो मी दागिन्यासारखा मिरवते.

परत आल्यावर मला जुनी गोष्ट पुन्हा दिसू लागली. वर्षातून दोनतीनदा दादा एक कागद लिहीत, आणि तो चुरगळत नसत. त्याच्या नीट चार घड्या घालीत आणि वाकून हलकेच माझ्या तळाशी ठेवीत. अशा प्रत्येक कागदाची सुरुवात एकच असे : बाबा गेले तेव्हा मी तिथे नव्हतो. त्यापुढे कधी चार ओळी, कधी अर्धे पान. वर 'प्रिय धाकट्या' असे लिहिलेले. शनिवारी वहिनी ते उचलीत, उलगडीत, इस्त्री फिरवीत आणि त्याच्या बाह्या कापीत. त्यांचा चेहरा मला खालून दिसे. कापून झालेला नमुना त्या खिळ्याला टांगीत.

मग दादांच्या निवडक लेखांचे पुस्तक करायचे ठरले. संपादकांनी सांगितले, वडिलांवरचा लेख सर्वांत आधी घ्यायचा, लोकांचा जीव आहे त्याच्यावर. दादांनी हो म्हटले, पण त्या दिवसापासून त्यांचे जेवण कमी झाले.

ज्या दिवसासाठी मी ही सगळी हकिकत सांगते आहे, तो दिवस असा उजाडला. सकाळी शिपाईमामा पुस्तकाची पहिली सोळा पाने तपासणीसाठी घेऊन आले. चार वाजता ती मशीनवर चढणार होती. पायऱ्या उतरता उतरता मामा सहज म्हणाले, की भिंगकाकांचे हे शेवटचे काम, आज त्यांची निवृत्ती; उद्यापासून दुसरे कोणी तपासणार.

दादांनी पहिले पान उलटले. उशाशी बसल्याच्या त्या वाक्यासमोर, समासात, त्याच बारीक पेन्सिलीने, तेच चार शब्द होते : हे खरं आहे का?

आज उत्तर दिले नाही, तर हा प्रश्न पुन्हा येणार नव्हता. उद्यापासून समासात दुसऱ्याच कोणाची पेन्सिल असणार होती, आणि दोघा भावांमधला तो स्वल्पविरामांचा धागाही तुटणार होता. हे मला कळले, म्हणजे दादांना कळलेच असणार. त्यांनी पेन उचलले. 'त' लिहिला. 'तसेच ठेवा' मधला 'त'. तिथे त्यांचा हात थांबला. त्यांनी तो 'त' खोडला आणि कोरा कागद ओढला.

मग सुरू झाले ते मी कधी पाहिले नव्हते. लिहायचे, वाचायचे, टाकायचे. एकात स्वतःला फार दोष दिला होता, तो टाकला. एकात सबब सांगितली होती, तो त्याहून लवकर टाकला. एकात इतकी उपमा-अलंकारांची गर्दी होती, की मूळ गोष्ट चेंगरून गेली. दुपारपर्यंत मी काठोकाठ भरले, मग वरून भरले, आणि शेवटी एका लिंबाएवढ्या चुरगळ्याने माझा तोल गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी आडवी झाले आणि सगळे कागद खोलीभर घरंगळले.

वहिनींनी मशीन थांबवले. त्या उठल्या, मला सरळ केले, मग खिळ्यावरचे नमुने काढले आणि एकेक करून दादांच्या टेबलावर मांडले.

"हे काय?" दादांनी विचारले.

"बाह्या. तेवीस आहेत. दोन कॉलर आहेत. उलटून बघा."

दादांनी एक बाही उलटली. स्वतःचे अक्षर. दुसरी उलटली. तिसरी. प्रत्येकीच्या डोक्यावर तीच ओळ होती, कुठे पूर्ण, कुठे काखेच्या कापात अर्धी गेलेली.

"तू हे वाचत होतीस?"

"कागद कापायच्या आधी बघावा लागतो. अकरा वर्षं वाचतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"मला लिहिलं नव्हतंत तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "ज्याला लिहिलंय त्याला द्या."

दादा खुर्चीत मागे टेकले. ज्यांना इतकी वर्षे जगायचे कसे ते सांगितले, ते लोक आता काय म्हणतील, असे काहीतरी ते पुटपुटले. वहिनींनी शांतपणे खाली पडलेले कागद गोळा करायला घेतले. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"चुकीच्या शिवणीवर कितीही इस्त्री फिरवा, ती बसत नाही. उसवावीच लागते. मी तर रोज उसवते. कापड काही रुसत नाही."

घड्याळात अडीच वाजले होते. स्वच्छ प्रत करायला वेळ नव्हता, आणि करायची म्हटली तरी एक वाक्य या बाहीवर, त्याचा शेवट त्या बाहीवर. दादांनी बाह्या, कॉलर, सकाळचे चुरगळे, पहिल्या सोळा पानांची प्रुफे, सगळे माझ्यात कोंबले, मला दोन्ही हातांनी उचलले आणि जिना उतरले. वाचकांचे लाडके लेखक भर रस्त्यातून केराची टोपली छातीशी धरून चालले होते. पानवाला टपरीतून उठून बघत राहिला. ओळखीचे दोघे नमस्कार करायला थांबले, आणि हात मध्येच राहिले. मित्रांनो, मी अशी मिरवणूक जन्मात पाहिली नव्हती, आणि तिच्यात मी सगळ्यांत उंचावर होते.

बसमध्ये कंडक्टरने विचारले, "काका, कचरा घेऊन कुठे निघालात?"

"कचरा नाही," दादा म्हणाले. "हस्तलिखित आहे."

कंडक्टरने एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि पुढची खिडकीची जागा रिकामी करून दिली. दादांनी मला मांडीवर घेतले. त्यांनी मला घट्ट आवळून धरले. माझे वेत कुरकुरत होते, पण मी मोडणारी नव्हते. तशी परीक्षा मी लहानपणीच दिलेली होती.

छापखान्यात शाईचा वास भरून होता. धाकटे कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते, एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर. टेबल जवळजवळ रिकामे झाले होते. खण आवरून झाले होते. पावले ऐकून त्यांनी वर पाहिले. दादा समोर उभे. धाकट्यांची नजर आधी माझ्यावर आली.

"ही वहिनींची टोपली," ते म्हणाले. अकरा वर्षांनंतरचे हे पहिले वाक्य.

"हो," दादा म्हणाले.

"बस."

दादा बसले नाहीत. त्यांनी मला टेबलावर ठेवले. "तू विचारलंस, हे खरं आहे का. नाही. तेव्हाही नव्हतं. मी एक वाक्य पूर्ण करत बसलो होतो आणि तू बाबांजवळ बसला होतास. तुझी जागा मी माझ्या नावावर छापून घेतली. या टोपलीत मी हे पंचवीस वेळा लिहून टाकलंय. तू बघ."

धाकट्यांनी एक बाही काढली, प्रकाशाकडे धरली आणि वाचली. मग दुसरी. सवय जात नाही म्हणतात. एका कॉलरवर त्यांनी राहून गेलेला पूर्णविरामही दिला. अशा त्यांनी सगळ्या बाह्या वाचून काढल्या. मशीन पलीकडे नुसतेच घरघरत होते. शेवटी धाकट्यांनी दोन्ही चष्मे काढून ठेवले.

"बाबा शेवटी काय म्हणाले, माहीत आहे तुला?"

"नाही. विचारायला तोंड कुठे होतं मला?"

"म्हणाले, खिडकीची कडी लाव, वाजतेय. मी लावली. मग म्हणाले, मोठा आला का?" धाकट्यांनी एका चष्म्याची काडी मिटली. "मी म्हटलं, आला. जिन्यात आहे. चपला काढतोय."

दादा आता बसले.

"ते हसले, दादा. म्हणाले, मग ठीक. आणि झालं." धाकट्यांनी पेन्सिल उगाच टेबलावर इकडून तिकडे केली. "अकरा वर्षं मी तुला खऱ्याखोट्याचा हिशेब विचारतोय. त्या खोलीतलं पहिलं खोटं माझं होतं. तुझं छापून आलं, माझं आलं नाही, एवढंच."

दादा रडले. टेबलावर डोके ठेवून, माझ्या काठाला कपाळ लावून, लहान मुलासारखे रडले. धाकट्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्यांचा चेहराही काही कोरडा नव्हता. मी लेखणीतून उतरलेले रडणे पुष्कळ पाहिले होते. हे तसे नव्हते. मला आत कुठेतरी हलके हलके वाटत होते, भरलेली असूनही.

मशीनवाला दारातून डोकावला आणि चार वाजत आल्याचे सांगू लागला. धाकटे मान न वळवता म्हणाले, "पाचला सोड. आजचा दिवस माझा आहे." मशीनवाला परत फिरला.

आणि मग, मित्रांनो, दोघे भाऊ एका टेबलाशी बसले. दादा लिहीत होते, धाकटे सांगत होते, कारण तिथे होते ते धाकटे. दादांनी लिहिले, 'उदास खिडकी वाजत होती.' धाकट्यांनी लगेच पेन्सिल पुढे केली.

"उदास नव्हती, दादा. नुसती वाजत होती."

दादांनी 'उदास' खोडला. खोडताना ते हसले. असे दहाबारा शब्द गेले, आणि एकेक शब्द जाताना पान मोकळे होत गेले. लेख निम्मा झाला. त्याची सुरुवात माझ्या पोटातून आली : 'बाबा गेले तेव्हा मी तिथे नव्हतो. मी एक वाक्य पूर्ण करत होतो.' आणि शेवटी बाबांचे 'मग ठीक.'

संपादक गडबडीने आले होते. उभ्यानेच वाचू लागले, मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले. ते एवढेच म्हणाले, की हाच लेख आधी जाईल. नवा मजकूर जुळवून झाला, ताजे प्रुफ आले. धाकट्यांनी ते अक्षर न् अक्षर तपासले, पहिल्या वाक्यासमोर समासात पेन्सिल टेकवली आणि लिहिले, 'तसेच ठेवा'. एरवी खाली ते फक्त तारीख घालीत. त्या दिवशी त्यांनी खाली 'धाकटा' असे लिहिले.

मशीन सुटले तेव्हा छापखान्यातले सगळे भोवती जमले होते. पहिला कागद ओला ओला बाहेर आला आणि मशीनवाल्याने तो धाकट्यांच्या हातात दिला. कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. निरोपाच्या टाळ्या होत्या म्हणे. मला तसे वाटले नाही. मी टेबलावर होते आणि माझ्यातून आलेले वाक्य मशीनवर हजारांनी छापले जात होते. त्या टाळ्यांत माझाही वाटा होता, हे मी कोणापुढेही सांगेन.

परतताना मला धाकट्यांनी उचलले होते. जिन्याशी आल्यावर त्यांचे पाय एकदा थबकले. वर दार उघडे होते आणि वहिनी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, बाह्या परत आणल्यात ना? माझं काम अडलंय." एवढेच. पण आत गेल्यावर त्या मशीनवर बसल्या आणि कापड न लावताच पायडल मारत राहिल्या, हे मी पाहिले.

पुस्तक आले. काही वाचक रागावले. तुम्ही आम्हाला फसवलेत, असे दोघातिघांनी लिहिले. दादांनी त्यांना हाताने उत्तरे लिहिली, आणि त्यातला एकही कागद टाकला नाही. मग दुसरी पत्रे येऊ लागली. एकाने लिहिले, पहिला लेख वाचला आणि पुस्तक तसेच उघडे ठेवून बहिणीकडे गेलो. एकीने लिहिले, तुमच्या सगळ्या उपदेशांत हा एकच मला उपयोगी पडला, कारण यात उपदेश नव्हता. ही पत्रे ठेवायला जागा पुरेना. वहिनींनी मला स्वच्छ पुसले आणि ती माझ्यात ठेवली. केराची टोपली आता पत्रांची पेटी झाली आहे. टेबलाखाली नवी टोपली आली आहे. मी तिला कागदाच्या चुरगळ्यांची भाषा शिकवते आहे.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. टोपलीला पायाने सरकवू नका. वाकून उचला, तिचा पीळ उसवला असेल तर दोन टाके घाला. लिहिताना भरपूर टाका, टाकायला घाबरू नका. पण एखादा कागद चुरगळवेना, त्याच्या चार घड्या घालाव्याशा वाटल्या, तर तो माझ्यासारखीच्या पदरात टाकू नका. ज्याला लिहिला आहे, त्याला नेऊन द्या. आणि कोणी दारात येऊन सांगितले की चला, तर वाक्य अर्धे सोडून उठा. ते अर्धे वाक्य कुठे जात नाही. दादांचे ते पाचवे वाक्य अजून माझ्या तळाशी, पत्रांच्या खाली आहे. मी वाचले आहे. बरे आहे, एवढेच.

धाकटे आता दर गुरुवारी येतात. दोघे भाऊ समोरासमोर बसून स्वल्पविरामावरून भांडतात, तोंडाने भांडतात, आणि वहिनी मशीनवरून दोघांनाही गप्प करतात. आज गुरुवारच आहे. हे बघा, जिन्यावर पावले वाजली. दादांनी वाक्य अर्धे सोडून पेन खाली ठेवले आहे आणि दाराकडे तोंड करून विचारले आहे, "आलास का?"

खालून आवाज येतो आहे, "आलो. चपला काढतोय."

आणि धाकटे खरोखरच चपला काढत आहेत.